वेब ॲनिमेशन पुस्तकातून शिकायचंय? जुनं ॲक्शनस्क्रिप्ट, जावास्क्रिप्ट की पी५: तीन वाटांची तुलना

बोटाने ओढला की झुलणारा लंबक, माऊसच्या मागे वळणारा पक्ष्यांचा थवा, स्क्रोल करू तसं उलगडणारं चित्र. असं काही वेबपानावर स्वतः घडवायचं असेल तर स्क्रिप्टिंगची एखादी भाषा शिकावीच लागते. व्हिडिओ पाहून शिकणारे पुष्कळ आहेत. पण काहींना पुस्तक शेजारी उघडं ठेवून, एकेक ओळ स्वतः टाइप करत, अडलं की पान मागे उलटत शिकायचं असतं. हा आढावा त्यांच्यासाठी आहे.

अशा वाचकाच्या हाती साधारण तीन तऱ्हेची पुस्तकं येतात. पहिलं फ्लॅशच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन आणि खेळ चालवणाऱ्या जुन्या तंत्राच्या, काळातलं, ॲक्शनस्क्रिप्ट या त्याच्या भाषेचं, जे कॉलेजच्या लायब्ररीत किंवा पुण्यामुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडू शकतं. दुसरं जावास्क्रिप्ट पायापासून शिकवणारं. त्याचा नमुना म्हणून मी मरैन हावरबेके यांचं ‘इलोक्वन्ट जावास्क्रिप्ट’ धरते. तिसरं आधी चित्र हलवायला लावणारं आणि भाषा ओघात शिकवणारं. त्यासाठी डॅनियल शिफमन यांचं ‘द नेचर ऑफ कोड’, जे पी५ या जावास्क्रिप्टमधल्या चित्रं काढायच्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) शिकवतं. शेवटच्या दोन्हींच्या ताज्या आवृत्त्या २०२४ मध्ये आल्या आणि दोन्ही लेखकांच्या संकेतस्थळांवर पूर्ण, मोफत वाचता येतात.

माझं मत आधीच सांगते. हलणारं चित्र हेच ध्येय असेल तर सुरुवात पी५ने करा, जावास्क्रिप्टचं पुस्तक थोड्याच दिवसांत सोबत घ्या, आणि ॲक्शनस्क्रिप्टचं पुस्तक मिळालंच तर त्यातलं गणित घ्या, कोड सोडा.

जुनं ॲक्शनस्क्रिप्ट

मोह सर्वांत जास्त इथेच होतो, म्हणून यावर जरा थांबते. पुस्तक स्वस्त मिळतं, चित्रं भरपूर असतात आणि पहिल्या काही प्रकरणांतच चेंडू उड्या मारायला लागतो. या पुस्तकांचा हा गुण खराच आहे. वाचणारा बहुधा चित्रकार आहे, प्रोग्रामर नाही, हे धरूनच त्यातली बरीचशी लिहिली गेली. फ्लॅशमध्ये स्टेज होतं, टाइमलाइन होती, आणि तुम्ही काढलेलं चित्र एकदा मूव्हीक्लिप झालं की स्वतःची जागा, कोन आणि पारदर्शकता स्वतःच सांभाळायचं. त्यामुळे पुस्तकाला थेट मुद्द्यावर येता यायचं: वेग म्हणजे काय, घर्षण कसं दाखवायचं, दोन वस्तू आदळल्या हे कसं ओळखायचं.

पण ते चालवायची जागाच आता उरलेली नाही. ॲक्शनस्क्रिप्ट हे नाव २००० सालच्या फ्लॅश ५बरोबर रूढ झालं. तिसरी, जवळजवळ नव्याने घडवलेली आवृत्ती २००६ मध्ये फ्लॅश प्लेयर (ब्राउझरमध्ये फ्लॅश चालवणारं सॉफ्टवेअर) ९बरोबर आली. प्लेयर बंद करणार हे ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा पाठिंबा थांबला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरनेच फ्लॅशच्या फाइल्स चालवणं बंद केलं. रफल हा मुक्त प्रकल्प जुन्या फाइल्स आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो आणि इंटरनेट अर्काइव्हने त्याच्या मदतीने शेकडो जुने खेळ व ॲनिमेशन पुन्हा पाहण्याजोगे केले आहेत. जतनाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. मात्र नवं काही बनवून लोकांपुढे ठेवायचं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. फ्लॅशचंच पुढचं रूप असलेल्या ॲनिमेटमधून कॅनव्हाससाठी (वेबपानावरच्या, कोडने चित्र काढायच्या जागेसाठी) काम बाहेर काढता येतं, पण तिथेही लिहायची भाषा जावास्क्रिप्टच आहे.

मग उरतं काय? गणित, आणि ते भरपूर उरतं. साइन-कोसाइनने वर्तुळात फिरवणं, दोन बिंदूंमधला कोन काढून बाण माऊसकडे वळवणं, स्प्रिंगसारखा हेलकावा, थांबताना हळूहळू मंद होणं. हे सगळं त्या पुस्तकांत अतिशय मन लावून समजावलेलं असतं आणि त्यातलं सूत्र एकही जुनं होत नाही. रॉबर्ट पेनर यांची ईझिंगची, म्हणजे हालचालीचा वेग हळूहळू वाढवण्या-कमी करण्याची, समीकरणं याच फ्लॅशच्या जगातून आली आणि आजही जावास्क्रिप्टच्या लायब्रऱ्यांमध्ये तीच वापरली जातात. जीसॅप ही आजची नावाजलेली ॲनिमेशन लायब्ररीसुद्धा मुळात ॲक्शनस्क्रिप्टसाठीच जन्मली.

जुन्या पुस्तकातलं प्रकरण जावास्क्रिप्टमध्ये उतरवणं हा उत्तम सराव आहे, पण एक गोष्ट सांभाळा. फ्लॅशमध्ये सेकंदाला किती फ्रेम हे फाइलमध्येच ठरवलेलं असायचं, म्हणून पुस्तकं ‘दर फ्रेमला पाच पिक्सेल पुढे’ असं लिहून मोकळी होतात. ब्राउझरमधलं रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम (पुढची फ्रेम काढायची वेळ सांगणारं फंक्शन) साधारणपणे पडद्याच्या गतीने चालतं. साठ हर्ट्‌झच्या (सेकंदाला साठदा चित्र बदलणाऱ्या) लॅपटॉपवर नीट चालणारा चेंडू १२० हर्ट्‌झच्या फोनवर दुप्पट वेगाने पळेल. म्हणून वेग ‘दर फ्रेमला’ न मोजता ‘दर सेकंदाला’ मोजायचा आणि मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणायचं.

जुन्या पुस्तकातली आवृत्ती ओळखणं सोपं आहे. एक्स आणि वायच्या आधी अधोरेषा दिसली तर ती पहिली किंवा दुसरी आवृत्ती. प्रत्येक चलापुढे अपूर्णविराम देऊन त्याचा प्रकार लिहिलेला असेल आणि सगळं पॅकेज व क्लासमध्ये बांधलेलं असेल, तर बहुधा तिसरी. निवडायला मिळालं तर तिसरीच घ्या. ती ज्या मसुद्यावर उभी होती तो एक्मास्क्रिप्ट ४ (जावास्क्रिप्टच्या प्रमाणाचा नियोजित पुढचा टप्पा) पुढे २००८ मध्ये सोडून दिला गेला, पण तिची लिहिण्याची ढब आजच्या टाइपस्क्रिप्टच्या (प्रकार लिहिण्याची सोय असलेल्या जावास्क्रिप्टच्या) इतकी जवळ आहे की पुढे टाइपस्क्रिप्ट पाहिल्यावर अनोळखी वाटणार नाही.

भाषा आधी: जावास्क्रिप्टचं पुस्तक

‘इलोक्वन्ट जावास्क्रिप्ट’मध्ये पडद्यावर पहिली खरी हालचाल चौदाव्या प्रकरणात होते. तिथे एका मांजराचं चित्र लंबवर्तुळात फिरतं. त्याआधी मूल्यं, फंक्शन, ॲरे, ऑब्जेक्ट, चुका शोधणं, असिंक्रोनस (उत्तराची वाट न पाहता पुढे चालणारं) प्रोग्रामिंग, इतकंच काय एक छोटी प्रोग्रामिंग भाषासुद्धा तुमच्याकडून लिहून घेतली जाते. पुढे इव्हेंट, मग उड्या मारत नाणी गोळा करण्याचा एक खेळ आणि त्यानंतर कॅनव्हास.

जो आधीच सी किंवा पायथन शिकलाय, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहे आणि ॲनिमेशनबरोबर नोकरीचाही विचार करतोय, त्याने बेलाशक इथून सुरुवात करावी. या पुस्तकातले स्वाध्याय कठीण आहेत आणि ते टाळले तर पुस्तक वाचल्याचा फायदा अर्ध्यावर येतो. पण कलाशाखेतून आलेल्या, कोडची पहिली ओळ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चौदाव्या प्रकरणापर्यंत धीर धर म्हणणं मला पटत नाही. बरेच जण वाटेतच गळतात. त्यांची कुवत कमी नसते. त्यांना जे बघायचं होतं ते इतका वेळ दिसतच नाही.

या वाटेचा मोठा लाभ म्हणजे पडद्यामागे काय चाललंय ते कळतं. कॅनव्हासला आपण काय काढलं ते आठवत नाही, त्याच्या लेखी फक्त रंगवलेले पिक्सेल असतात. म्हणून प्रत्येक फ्रेमला आधीचं पुसून सगळं पुन्हा काढावं लागतं, आणि क्लिक नेमकं कुठल्या वर्तुळावर झालं हे अंतर मोजून आपणच ठरवायचं असतं. फ्लॅशमधला मूव्हीक्लिप हे स्वतः सांगायचा. एसव्हीजी या वेबवरच्या आकृत्यांच्या प्रकारात ती सोय आजही आहे, कारण तिथे प्रत्येक आकार हा पानातला वेगळा घटक असतो. आकृत्या मोजक्या आणि प्रत्येकीवर क्लिक हवं असेल तर एसव्हीजी, हजारो कण उडवायचे असतील तर कॅनव्हास. हा निर्णय कामाच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो आणि तो घेण्याइतकी समज पायापासून शिकणाऱ्यालाच लवकर येते.

चित्र आधी: पी५

केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीत प्रोसेसिंग सुरू केलं ते कलावंतांना कोड लिहिता यावा म्हणून. लॉरेन ली मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये तोच विचार ब्राउझरमध्ये आणला, तो म्हणजे पी५.जेएस. यात दोनच फंक्शनं आधी समजून घ्यायची: सेटअप एकदा चालतं, ड्रॉ पुन्हापुन्हा. ब्राउझरमधला त्यांचा मोफत एडिटर उघडला की काहीही इन्स्टॉल न करता पाच ओळींत माऊसबरोबर फिरणारं वर्तुळ दिसतं. लॅपटॉप जुना आहे किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नाही, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

‘द नेचर ऑफ कोड’ची २०१२ ची आवृत्ती प्रोसेसिंगवर होती, २०२४ ची पी५वर आहे. यादृच्छिक चालीपासून सदिश, बल, आंदोलन, कणांचे फवारे, स्वतःहून वळणारे थवे असं ते पुढे जातं. ॲक्शनस्क्रिप्टच्या पुस्तकांतलं जे गणित मी वर वाखाणलं, ते इथे अधिक खोलात आणि आज चालणाऱ्या कोडसह मिळतं. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात कंटाळवाणे वाटलेले सदिश इथे डोळ्यांसमोर एकमेकांत मिळवले जाताना दिसतात, आणि ते पाहताना विद्यार्थ्यांचा चेहरा बदलतो. मात्र हे अगदी पहिलं पुस्तक नव्हे. चल, इफ, लूप, फंक्शन इतकं येतं असं ते गृहीत धरतं. तेवढी तयारी पी५च्या संकेतस्थळावरच्या पाठांवरून आधी करून घ्यावी.

२०२५ मध्ये पी५ची २.० आवृत्ती आली आणि चित्रं-फॉन्ट आधी लोड करून ठेवण्याची प्रीलोडची जुनी पद्धत तीत राहिली नाही. पुस्तकातला कोड १.० मालिकेतल्या आवृत्तीसाठी असेल तर एडिटरमध्येही तीच निवडा, नाहीतर नसलेली चूक शोधत बसाल.

पी५ची मर्यादाही स्पष्ट आहे. दुकानाच्या संकेतस्थळावर मेनू सरकवायचा, बटण उजळवायचं, शीर्षक हळूच वर आणायचं, याला पी५ नको. तिथे सीएसएसचे (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेचे) ट्रान्झिशन आणि कीफ्रेम्स पुरतात, आणि त्यापुढे जीसॅप. जीसॅप २०२५ पासून व्यावसायिक कामासाठीही पूर्ण मोफत आहे आणि ते शिकायला पुस्तकापेक्षा त्याची स्वतःची दस्तऐवजं बरी. छापील पुस्तकात ट्वीनमॅक्स हे नाव दिसलं तर ते २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या आधीच्या पद्धतीचं आहे असं समजा.

यातल्या कुठल्याच पुस्तकावर सोडू नये असं एक

मराठी अक्षरं हलवायची असतील तर ते स्वतः शिकावं लागेल. इंग्रजी शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून नाचवण्याचा प्रयोग अशा पुस्तकांत हमखास असतो. तोच ‘नमस्कार’वर केला की शब्द मोडतो, कारण जावास्क्रिप्टच्या हिशेबात त्यात सात चिन्हं आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. हलन्त आणि काना सुटे होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतात. यावर इंटल-सेगमेंटर हे ब्राउझरमधलंच साधन वापरायचं आणि त्याला ग्राफीमनुसार, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणाऱ्या अक्षरानुसार, तोडायला सांगायचं. काना मग आपल्या अक्षराला धरून राहतो. ‘स्का’सारखं जोडाक्षर मात्र जुन्या ब्राउझरमध्ये अजूनही दोन तुकड्यांत येऊ शकतं, म्हणून वेगवेगळ्या फोनवर पाहून घ्या. अखंड शब्द कॅनव्हासवर लिहायला अडचण नाही, अक्षरं जुळवण्याचं काम ब्राउझर नीट करतो. फ्लॅशमध्ये भारतीय लिप्यांची अशी सोय २००८ च्या प्लेयर १०मध्ये आली.

कुणी काय घ्यावं

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने पी५, निःसंशय. ज्याला प्रोग्रामिंग येतं आणि फ्रंट-एंडमध्ये (वेबपानाच्या दिसणाऱ्या भागावर) काम करायचंय त्याने जावास्क्रिप्टचं पुस्तक, आणि तेराव्या प्रकरणापासून पुढचा ब्राउझरचा भाग लवकर उघडावा.

शाळेतल्या विज्ञानशिक्षकांबद्दल मला विशेष आस्था आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली सिम्युलेशन्स फ्लॅश आणि जावामधून एचटीएमएल५मध्ये आणली गेली आणि त्यांतली बरीच मराठीतही आहेत. आधी तिथे शोधा. जे हवं ते नसेल, समजा तुमच्या गावच्या विहिरीची पाणीपातळी किंवा रहाटाची गती दाखवायची असेल, तर पी५ने ते काही आठवड्यांच्या सरावात तुम्हाला जमेल.

विकत घ्यायचं की पडद्यावर वाचायचं? दोन्ही नवी पुस्तकं आधी मोफत उघडून पहिली दोन प्रकरणं करून पाहा. वेबवर कोडची उदाहरणं पानातच चालतात आणि हालचाल शिकताना ही सोय मोठी आहे. ‘द नेचर ऑफ कोड’ची छापील प्रत मी तरीही घ्यायला सांगेन, कारण सदिशांच्या आकृत्या शेजारी कागदावर पुन्हापुन्हा काढाव्या लागतात. दुसरं कुठलं जावास्क्रिप्टचं पुस्तक दुकानात हाती लागलं तर ॲनिमेशनचं प्रकरण उघडा. तिथे सेट-इंटरव्हल आणि जेक्वेरीचं ॲनिमेट असेल आणि लेट-कॉन्स्ट कुठेच नसतील, तर ते २०१५ च्या आधीच्या वळणाचं आहे, परत ठेवा.