एक्सपीला हार्ड डिस्क दिसत नाही: आयडीई मोड, एफ६ फ्लॉपी की ड्रायव्हर घातलेली सीडी?

जुना डीटीपी सेटअप किंवा पॅरलल पोर्टचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी किल्ली) असलं काही सांभाळायचं म्हणून एएचसीआय (साटा डिस्क हाताळायची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर विंडोज एक्सपी टाकायला घेतलं, की सेटअप म्हणतो हार्ड डिस्क सापडली नाही, नाहीतर स्टॉप ७बीची (बूट डिस्क सापडत नाही) निळी स्क्रीन येते. डिस्क बहुधा ठणठणीत असते. बायोसमध्ये साटा कंट्रोलर एएचसीआयवर असतो आणि एक्सपीच्या सीडीत त्याचा ड्रायव्हर नाही, अगदी सर्व्हिस पॅक ३ च्याही नाही. तो विंडोजमध्ये आला व्हिस्टापासून.

एकच मशीन असेल तर बायोसमध्ये साटा मोड आयडीई (एक्सपीला ओळखता येणारी जुनी पद्धत) करा आणि मोकळे व्हा. डेलच्या लॅपटॉपवर हाच पर्याय ‘एटीए’, थिंकपॅडवर ‘कम्पॅटिबिलिटी’ नावाने असतो. एनसीक्यू (डिस्कने कामांचा क्रम स्वतः लावणं) आणि चालू मशीनवर डिस्क काढण्या-लावण्याची सोय जाते, पण एक्सपीच्या रोजच्या कामात ते जाणवत नाही. एसएसडीचा ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) तर एक्सपीत मुळातच नाही. मात्र शेजारी एएचसीआयवर टाकलेलं विंडोज ७ असेल, तर मोड बदलल्यावर तेच ७बी देऊन आडवं होतं. आणि बऱ्याच नव्या बोर्डांवर आयडीईचा पर्यायच नसतो.

एफ६ फ्लॉपी (सेटअपला फ्लॉपीवरून ड्रायव्हर देणं) ही अधिकृत वाट, पण आज सगळ्यात त्रासाची. सेटअप सुरू होताच खाली एफ६ची ओळ काही सेकंदच दिसते. तेव्हा कळ दाबायची, मग एस दाबून यादीतून कंट्रोलर निवडायचा. ड्रायव्हरच्या फाइल फ्लॉपीच्या रूटमध्येच हव्यात, फोल्डरमध्ये नकोत. पेन ड्राइव्ह चालत नाही, सेटअप फक्त ए ड्राइव्ह बघतो. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह विकत घेण्याआधी विचार करा: एक्सपीच्या सेटअपला त्यांची मोजकीच मॉडेल माहीत आहेत. बाकीची पहिल्या टप्प्यात बायोसच्या जिवावर चालतात आणि फाइल कॉपी करताना तीच फ्लॉपी पुन्हा मागितली जाते, तेव्हा हात वर करतात.

दोन-चार मशीन असतील किंवा आयडीईची सोयच नसेल, तर एनलाइटने (एक्सपीची सीडी बदलून बनवायचं सॉफ्टवेअर) ड्रायव्हर सीडीतच घाला. सर्व्हिस पॅक ३ ची सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करा, एनलाइटला ते फोल्डर दाखवा, ‘ड्रायव्हर्स’ आणि ‘बूटेबल आयएसओ’ निवडा. इंटेलचा ३२ बिटचा एफ६ पॅक उघडून त्यातली आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेली) फाइल द्या. इथे ‘टेक्स्टमोड’ (सेटअपच्या निळ्या, अक्षरी टप्प्यासाठी) निवडणं महत्त्वाचं. ‘पीएनपी’ निवडलं तर ड्रायव्हर सीडीत असूनही निळ्या सेटअपला दिसत नाही. बहुतेकांची सीडी इथेच वाया जाते. यादीतून नेमका कंट्रोलर घ्या. त्यासाठी चालू विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा: इंटेलचा व्हेंडर ८०८६, पुढे आयसीएच८एम (इंटेलची लॅपटॉपची चिप) एएचसीआय असेल तर २८२९, आयसीएच९एम असेल तर २९२९. डिव्हाइस मॅनेजर बघताना बायोस एएचसीआयवरच हवा, कारण आयडीई मोडमध्ये त्याच चिपचा आयडी वेगळा दिसतो.

वाट कुठलीही घ्या, सीडी किमान सर्व्हिस पॅक १ ची हवी. मूळ एक्सपीला १३७ जीबीपुढची जागा दिसत नाही. शिवाय एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू करतो, त्यामुळे ४के सेक्टरच्या डिस्कवर आणि एसएसडीवर लिहिणं मंदावतं. पार्टिशन आधी विंडोज ७ च्या डीव्हीडीने करून घ्या, एक्सपीला फक्त त्यावर बसवा.

जुन्या पोर्टची गरजच नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (चालू विंडोजच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी चालवणं सोपं. तिथे डिस्क आयडीई कंट्रोलरवर ठेवा. साटावर ठेवली तर तो आयसीएच८एमचीच नक्कल करतो आणि पुन्हा तोच २८२९चा ड्रायव्हर शोधायला लागतो.