गावची वीज, गावचं कमिशन आणि पीसीएची ती एक ओळ (चौदा महिन्यांचा अनुभव)

जुलैचं बिल बघून बायकोने विचारलं, "रेट वाढवला का रे यांनी?" मागचं बिल शेजारी ठेवून पाहिलं तर रेट तोच, एसी जूनमध्येही तेवढाच चालला होता, तरी जवळपास साठ डॉलर जास्त. तिथून माझी सटकली.

मिनेसोटातल्या छोट्या गावात घर घेतलंय. इथे वीज गावाची स्वतःची, त्यामुळे वीज, पाणी, सांडपाणी सगळं एकाच कागदावर येतं. बाकीचे आकार सोडा, माझं डोकं फिरवलं ते पीसीएने, म्हणजे पॉवर कॉस्ट अ‍ॅडजस्टमेंट. आपल्याकडच्या वीजबिलातला इंधन समायोजन आकार आठवतोय? त्याचाच हा अमेरिकेतला चुलतभाऊ. बिलावर नुसती रक्कम, १६ डॉलर ९६ सेंट. कशाचे, का, काही नाही. ११८० युनिटने भागून बघितलं तर युनिटला ०.०१४३७ निघाले. पाच दशांश स्थळांपर्यंत पैसे लावता येतात आणि एक वाक्य छापायला जागा नाही!

त्यात कळलं की राज्याचं पब्लिक युटिलिटीज कमिशन, म्हणजे तिथला वीज नियामक आयोग, खासगी कंपन्यांचे दर तपासतं, पण गावच्या युटिलिटीचे (वीज-पाणी पुरवणाऱ्या संस्थेचे) दर गावचं कमिशनच ठरवतं. म्हणजे दुकानही यांचंच आणि वजनकाटा तपासणारेही हेच.

भांडायचं ठरवूनच फोन लावला. एक दाबा दोन दाबा काही नाही, दुसऱ्या रिंगला बाईंनी उचलला, माझ्या मीटरचं रीडिंग उघडलं आणि म्हणाल्या मंगळवारी मीटिंग आहे, या की. गेलो. कमिशनचे पाच मेंबर, प्रेक्षकांत मी आणि एक रिटायर्ड आजोबा. खर्चाची यादी मंजूर करताना सगळ्यात मोठा आकडा विकत घेतलेल्या विजेचाच होता. मॅनेजरने सांगितलं ते असं, की गाव घाऊक वीज घेतं, रेटमध्ये तिची एक ठरलेली किंमत धरलेली असते, प्रत्यक्षात त्याहून जास्त पडली की फरक विकलेल्या युनिटांवर वाटून एक-दोन महिन्यांनी पीसीएमधून घेतात, आणि कमी पडली तर परत देतात. शिवाय डिमांडचे, म्हणजे गाव एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढतं त्याचे, पैसे महिन्यातल्या एका सगळ्यात चढ्या तासावरून लागतात. एक तास! त्यात २०२५ च्या उन्हाळ्यासाठी मिसोच्या (इथल्या भागाचं ग्रिड आणि वीजबाजार चालवणारी संस्था) लिलावात कपॅसिटीचा, म्हणजे गरजेला वीज तयार ठेवण्याच्या हमीचा, भाव मेगावॉटमागे दिवसाला ६६६.५० डॉलर निघाला, आदल्या उन्हाळ्यात तो ३० होता. गावाचे लांब मुदतीचे करार असल्यामुळे तो सगळा भार आमच्यावर नाही आला, पण ऐकून घाम फुटला.

इथे मला माझं मत थोडं गिळावं लागलं. कारण साठपैकी पीसीएचे सतराच. उरलेले त्रेचाळीस? पोर्टलवर तासातासाचा ग्राफ दिसतो, त्यात रात्री तीनलासुद्धा अर्ध्या किलोवॉटची सपाट रेघ. टॉर्च घेऊन बेसमेंटमध्ये उतरलो तर मागच्या मालकाने सोडलेला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) ३५ टक्के आर्द्रतेवर सेट, पाइप थेट ड्रेनमध्ये, त्यामुळे बादली कधी भरलीच नाही आणि आम्हाला पत्ताच नाही. जुलैच्या दमट हवेत तो थांबतच नव्हता. रोजची १२ युनिटं, महिन्याला ३६०, युनिटला साधारण १२ सेंट, करा हिशोब. आता ५० वर ठेवलाय.

मीटिंगमध्येच एसीवर कंट्रोल बॉक्स बसवायचा फॉर्म पण भरून आलो, कडक दुपारी ते आपला कंप्रेसर मधे मधे बंद करतात आणि बिलात थोडी सूट देतात. घर तापतं का? बायको म्हणते हो, मी म्हणतो नाही. (कार्डाने बिल भरलं तर तीन डॉलर फी आहे, ते तर मी मेलो तरी देणार नाही, बँकेतून ऑटोपे लावा.)

ऑक्टोबरला पीसीए चक्क उणे आला, ६४० युनिटांवर १ डॉलर ३६ सेंट परत. कबूल, माणसं सरळ आहेत. पण ती ओळ अजून तशीच मुकी आहे हो! परवा परत जाऊन विचारलं, तर बिलाचं सॉफ्टवेअर बाहेरच्यांचं आहे, एक वाक्य वाढवायलाही ते पैसे मागतात म्हणे. म्हटलं चालेल, फक्त ते पैसे पीसीएत टाकू नका. मॅनेजर हसला, पण टाकणार नाही असं काही म्हणाला नाही.