पोपट घरभर की एकाच खोलीत?

आपले देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तेव्हा हे कॉकॅटील, लव्हबर्ड असे परदेशी छोटे पोपट पाळणाऱ्यांसाठी.

घरभर सोडलं की स्वारी खूश. पण चोच गप्प बसत नाही: चार्जरची वायर, दाराची चौकट, कॅलेंडरच्या कडा, सगळ्याचा भुगा. वर फिरता पंखा. आणि स्वयंपाकघर तर नकोच. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की निघणारी वाफ पक्ष्याला मिनिटांत मारू शकते, तिला धड वासही नसतो.

एकच खोली दिली तर काम आटोपशीर: पंखा बंद, खिडकीला जाळी, वायरी पट्टीत. कुरतडायला कडुनिंबाची धुतलेली फांदी टांगा. साल सोलत तासभर रमतो. कंटाळला तर फांदी बदला.

माझं मत खोलीलाच. घरभर फेरी कोणी नजर ठेवून असेल तेव्हाच.