नाताळाच्या टेबलासाठी पेये: गडद बिअर, गव्हाची बिअर, गरम वाईन की आल्याची वाईन?

इंदुरात डिसेंबरची रात्र दहा-बारा अंशांपर्यंत उतरते, सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू या कंदाचे तुकडे तळण्याच्या कढया चढलेल्या असतात, आणि मे महिन्यात दोन घोटांपुढे जाणार नाही अशी दाट, गडद बिअर या हवेत अगदी योग्य वाटू लागते. नाताळाला आठ-दहा माणसे घरी बोलावणाऱ्याने पेयांचा विचार येथूनच सुरू करावा असे मला वाटते. बाहेर थंडी किती आहे, ताटात काय असणार आहे आणि बसणाऱ्यांपैकी पिणारे किती, हे तीन प्रश्न सुटले की बाटलीवरच्या हिमकणांच्या चित्राला फारसे महत्त्व उरत नाही.

‘ख्रिसमस बिअर’ हा बिअरचा एक ठरलेला प्रकार नाही, हे आधी लक्षात घ्यावे. डेन्मार्कमध्ये टुबोर्गची नाताळची बिअर नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री बाजारात येते; ती ५.६ टक्के मद्यार्काची, किंचित करपलेल्या साखरेच्या चवीची लागर (कमी तापमानात सावकाश आंबवलेली बिअर) असते. ऑस्ट्रियातील ‘सामिक्लाउस’ वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला म्हणजे संत निकोलसच्या दिवशी तयार करतात आणि कित्येक महिने मुरवतात. तिचा मद्यार्क १४ टक्के, म्हणजे वाईनपेक्षाही थोडा अधिक. बेल्जियममधील शिमे मठाची निळ्या लेबलाची ९ टक्क्यांची बिअर प्रथम नाताळासाठीच केलेली होती आणि नंतर ती बारमाही झाली. एकाच सणाच्या नावाखाली इतका फरक असल्यामुळे दुकानात ‘ख्रिसमस’ हा शब्द शोधण्यापेक्षा बिअरचा प्रकार, मद्यार्काचे प्रमाण आणि भरल्याची तारीख या तीन गोष्टी वाचणे अधिक उपयोगाचे ठरते.

खरी निवड गडद आणि गव्हाच्या बिअरमध्ये आहे. बेल्जियन धाटणीच्या गडद बिअरमध्ये मनुका, अंजीर आणि काकवीची आठवण करून देणारी चव असते. ती भाजलेल्या माल्टमधून (मोड आणून वाळवलेल्या धान्यातून), गडद साखरेतून आणि यीस्टच्या कामातून येते, वेगळी फळे घातल्यामुळे नव्हे. प्लम केकमध्येही जाळलेली साखर आणि भिजवलेला सुका मेवा असल्यामुळे या दोघांचे जमते. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळाच्या फराळाला करंज्या येतात, त्यांच्याबरोबरही ही बिअर चालते, मात्र चिवड्याबरोबर ती जड पडते. गव्हाची बिअर नेमकी उलट वागते. बेल्जियन पद्धतीत तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, मद्यार्क साधारण पाच टक्के असतो (हुगार्डनमध्ये तो ४.९ आहे), आणि शेव, कटलेट, गराडू अशा तिखट-तळलेल्या पदार्थांनंतर ती जीभ स्वच्छ करते. केकसमोर मात्र ती पाणचट वाटते. म्हणून जेवणाआधीच्या गप्पांना गव्हाची आणि केक कापल्यावर गडद, असा क्रम लावावा. एकच घ्यायची असेल तर टेबलावर केकचे राज्य आहे की फराळाचे, यावर निर्णय सोपवावा.

तापमानाच्या बाबतीत आपल्याकडे सर्रास चूक होते. गव्हाची बिअर पाच-सहा अंशांवर चांगली लागते, पण गडद बिअर तितकी थंड केली तर तिचा सुगंध दबतो आणि नुसता कडवट गोडवा उरतो. तिला दहा ते चौदा अंश हवेत, म्हणजे इंदूरच्या थंडीत संध्याकाळी बाल्कनीत ठेवलेली बाटली फ्रिजमधल्या बाटलीपेक्षा चांगली.

टिकाऊपणातही मोठा फरक आहे. कमी मद्यार्काची गव्हाची बिअर ताजीच प्यावी लागते, तर ९-१० टक्क्यांची गडद बिअर दोन-तीन वर्षांत उलट सौम्य होत जाते. त्यामुळे आयात मालाच्या कपाटात दोन्ही जुन्या दिसल्या तर गडद बिअरची बाटली उचलण्यात धोका कमी. पारदर्शक किंवा हिरव्या काचेची बाटली उन्हात वा ट्यूबलाइटखाली राहिली की बिअरमध्ये घातलेल्या हॉप्स या फुलांमधील कडू द्रव्ये प्रकाशाने मोडतात आणि उग्र, गंधकी वास येतो. तपकिरी काच हे बरेचसे रोखते. मागे एका दुकानाच्या दर्शनी फळीवरून मी हौसेने चार हिरव्या बाटल्या आणल्या होत्या, त्या शेवटी मोरीत ओताव्या लागल्या.

६५० मिलीची ‘स्ट्राँग’ लागर स्वस्त पडते आणि सहज मिळते, म्हणून पुष्कळ घरांत तिचाच विचार होतो. हिशेब करून पाहिला तर ८ टक्क्यांच्या अशा एका बाटलीत ५२ मिली शुद्ध मद्यार्क असतो, ९ टक्क्यांच्या ३३० मिली गडद बिअरमध्ये सुमारे ३० मिली, तेवढ्याच गव्हाच्या बिअरमध्ये १६ मिली, आणि साडेबारा टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिली पेल्यात सुमारे १९ मिली. चवीच्या दृष्टीने या लागरमध्ये सणाचे असे काही नाही. तेवढ्या पैशांत गडद बिअर थोडीच येईल हे खरे, पण ती लहान पेल्यांत दोघांत एक वाटून प्यायची वस्तू आहे.

बिअर न आवडणाऱ्यांसाठी गरम मसाला वाईन हा उत्तम पर्याय आहे, आणि मंडळी मोठी असेल तर माझे पहिले मत तिलाच. महाग वाईन यासाठी वाया घालवू नये. नाशिककडची साधी, गोड नसलेली रेड वाईन पुरते. कपभर पाण्यात साखर, दालचिनीचा एक तुकडा, पाच-सहा लवंगा आणि नागपुरी संत्र्याची साल, आतील पांढरा कडू भाग काढून, दहा मिनिटे उकळावी, मग आच मंद करून ७५० मिलीची बाटली त्यात ओतावी. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो, म्हणून वाफा येऊ लागताच भांडे उतरवावे. उकळी फुटली तर मद्यार्क आणि सुगंध दोन्ही उडतात आणि लवंगेचा काढा हाती राहतो. एका बाटलीत पाच-सहा कप होतात. करंजी, केक आणि शंकरपाळी या तिन्हींबरोबर ती चालते, जे वरच्या दोन्ही बिअरना जमत नाही.

न पिणाऱ्यांची सोय अनेकदा कोल्ड ड्रिंकच्या बाटलीवर उरकली जाते, हे मला पटत नाही. मध्य प्रदेशात मद्याची वयोमर्यादा २१ असल्याने घरातली कॉलेजची मुलेही याच बाजूला येतात. त्यांच्यासाठी अँग्लो-इंडियन घरांतून नाताळाला होणारी ‘जिंजर वाईन’ सर्वांत योग्य. नाव वाईन असले तरी यीस्ट न घालता केली तर तिच्यात मद्य नसते. ठेचलेले आले, साखर, लवंग आणि दालचिनी उकळून गाळायचे, जाळलेल्या साखरेने रंग आणायचा, निवल्यावर लिंबू पिळायचे आणि पिताना पाणी घालून पातळ करायचे. केकशी तिचे गडद बिअरइतकेच जमते. शून्य टक्के मद्यार्काच्या बिअर बर्फगार असेपर्यंत ठीक लागतात, पण कोमट झाल्या की कच्च्या माल्टचा गोडसर स्वाद वर येतो, त्यामुळे थंडीत रेंगाळत पिण्यास त्या सोयीच्या नाहीत. इंदुरी शिकंजीचा मोह मात्र टाळावा. दूध आणि सुक्या मेव्याचा तो दाट प्याला स्वतःच एक मिष्टान्न आहे आणि त्यानंतर केक कोणी खात नाही.

आठ माणसांत पाच पिणारे असतील, तर वाईनची एक बाटली, गव्हाच्या बिअरच्या चार लहान बाटल्या, गडद बिअरच्या दोन आणि जिंजर वाईनचा एक शिसा एवढे पुरेसे होते. महूकडे गाडी चालवत परतणाऱ्याला वरच्या हिशेबातील एकही पेला देऊ नये, कारण कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम इतकी कमी आहे. उज्जैनहून येणाऱ्या नातलगांना बाटली आणायला सांगून उपयोग नाही. तेथील मद्याची दुकाने १ एप्रिल २०२५ पासून बंद आहेत. गडद बिअरची एखादी बाटली उरलीच, तर ती आडवी न ठेवता अंधाऱ्या कपाटात उभी ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो आणि पुढच्या डिसेंबरात शेवटचा बोटभर भाग सोडून ती स्वच्छ ओतता येते.