दुर्बिणीसाठी ‘खास’ चष्मा म्हणून 18,500 रुपये उकळले

पक्षी बघणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या चष्मेवाल्यांनो, वाचा. पुण्यातल्या एका चकचकीत दुकानानं मला ‘बर्डिंग प्रोग्रेसिव्ह’ नावाचा चष्मा विकला (प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकाच काचेत वर लांबचा, खाली जवळचा नंबर). 10,000 रोख, 8,500 यूपीआय. असा प्रकार अस्तित्वातच नाही, हे आता कळतंय.

चोरानं सुरुवात खरं बोलून केली. दुर्बिणीचं चाक फिरवून साधा नंबर भरून निघतो, सिलिंडर (तिरका नंबर) नाही. तुम्हाला पावणेदोनचा सिलिंडर आहे, म्हणजे चष्मा लावूनच बघावं लागणार. शंभर टक्के बरोबर! अशा माणसावर कोण संशय घेईल?

पण प्रोग्रेसिव्ह बनवताना फ्रेम नाकावर ठेवून बुबुळाची उंची पेनानं काचेवर मारतात. त्यानं मारली नाही. आधीच्या चष्म्याच्या वेळी मारली होती, मला आठवतही होतं. विचारलं, तर ‘मशीन घेतं सर’. कुठलं मशीन? दुकानात मशीनच नव्हतं! आणि मी मान डोलावली.

भिगवणला पट्टकादंब समोर, डोक्यावरचे दोन काळे पट्टे एकमेकांत मिसळलेले. हनुवटी छातीला टेकवली की जरा स्पष्ट. दुकानदार म्हणे, ‘सवय होईल, पंधरा दिवस द्या.’ परतीची मुदत सातच दिवसांची, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरांत. पावतीही फक्त 3,200 ची, ‘चष्मा पूर्ण’ एवढंच लिहिलेली.

दुसऱ्या चष्मेवाल्यानं काच उजेडात धरली. ब्रँडेड प्रोग्रेसिव्हवर बारीक कोरीव खूण असते, इथे काही नाही. हलक्या प्रतीची काच, शिवाय बुबुळाची उंची चुकलेली.

पोलीस चौकीत: ‘हे दिवाणी, आमच्याकडे नाही.’ ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर दुकानानं ‘ग्राहकाला सवय नाही’ असं उत्तर दिलं आणि तक्रार ‘निकाली’! मला एक फोन नाही. मग हेल्पलाइन कोणाच्या मदतीला? फोन लावा तर गाणं वाजतं, चिकाटीनं धरा तर कट. चौकीतला हवालदार वर मलाच म्हणतो, पक्षी बघायला एवढा महाग चष्मा कशाला?

दुर्बीण दुकानात घेऊन जा, दारात उभं राहून लांबची पाटी वाचा, मगच उरलेले पैसे द्या. काचेचं नाव जीएसटी बिलावर हवंच. आणि मुळात पक्ष्यांसाठी प्रोग्रेसिव्ह लागतच नाही: फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा मी नंतर 2,200 मध्ये केला. दुर्बिणीचा आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) 16 मिमी किंवा जास्त घ्या, आयकप (डोळ्याकडचं रबरी कडं) खाली दाबा. सिलिंडर नगण्य असेल तर चष्मा काढूनच बघा, दोन डोळ्यांतला फरक डायॉप्टरच्या कड्यानं जुळतो.

जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. यूपीआयचे 8,500 दिसतात. रोख दिलेल्या 10,000 ला माझ्याकडे कागद नाही.