मेंदीचा हात आणि शाळेचा तकानोन : इस्राएलमधल्या तीन प्रकारच्या शाळा

मुलगी सातवीत जाणार म्हणून शाळा बदलायची आहे आणि वर्ष-दीड वर्षात घरात एखादं लग्नही आहे, अशा इस्राएलमधल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांसाठी हे लिहितोय. शाळा निवडताना आपण बस बघतो, गणिताचे शिक्षक बघतो, वर्गात किती पोरं आहेत ते बघतो. तकानोन, म्हणजे शाळेची नियमावली, सही करून परत देतो. त्यात कपड्यांच्या कलमाखाली बहुधा एक ओळ असते : गोंदण चालणार नाही, तात्पुरतंही नाही.

आमच्या धाकटीला ही ओळ एका रविवारी सकाळी भेटली. शनिवारी रात्री, शब्बात (शुक्रवार संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस) उतरल्यावर, भाचीची मेंदी झाली होती. शाळेत बाईंनी तिचे हात बघितले आणि 'धुऊन ये' म्हणून सांगितलं. पोरगी रडकुंडीला आली, कारण आदल्या रात्री हात अजिबात धुवायचे नाहीत म्हणून आम्हीच तिला चार वेळा दटावलं होतं.

आधी धर्म काय म्हणतो ते बघू, कारण प्रत्येक शाळा त्याचाच आधार सांगते. मूळ आज्ञा लेवीय 19:28 मध्ये आहे : अंगावर गोंदून घेऊ नये. हे गोंदणं म्हणजे नेमकं काय, ते मिश्ना या जुन्या नियमसंग्रहात, मक्कोत 3:6 मध्ये, सांगितलंय. नुसतं लिहिलं आणि कातडी कापली नाही तर दोष नाही. नुसती कापली आणि लिहिलं नाही तरी दोष नाही. कापून त्यात शाई, काजळ किंवा टिकणारं काहीतरी भरलं, तर दोष. रब्बी (धर्मगुरू) शिमोन यांच्या नावाने तिथेच आणखी एक मत येतं, की देवाचं नाव लिहिलं तरच दोष. स्टिकर, पेनाची नक्षी, मेंदी यांत कातडी कापली जात नाही. म्हणून बहुतेक रब्बी तात्पुरत्या नक्षीला मनाई करत नाहीत. काही कडक मंडळी तेही टाळा म्हणतात, गोंदणासारखं दिसतं म्हणून.

मेंदीची बाजू तर आणखी भक्कम आहे. शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात मिक्वेच्या, म्हणजे शुद्धीच्या स्नानाच्या, नियमांत बायका हातांना जो रंग लावतात त्याचा विचार केलेला आहे, आणि नुसता रंग असेल, थर नसेल, तर तो अडथळा धरलेला नाही. येमेनी आणि मोरोक्कन घरांत आजही लग्नाआधी हिन्नाची, म्हणजे मेंदीची, रात्र असते. तेव्हा मेंदी ही 'हिंदूंची चाल' आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला शेजारच्या मोरोक्कन आजीकडे पाठवा.

शब्बातचा हिशेब मात्र उलटा आहे. शब्बातला लिहायला मनाई, आणि अंगावर लिहिणं हेही लिहिणंच धरलंय; शरीराच्या उष्णतेने ते पुढे पुसलं जाईल ही सबब रंबाम (मध्ययुगीन धर्मपंडित मायमोनिदेस) मान्य करत नाही. म्हणून शुक्रवारी दिवे लागल्यावर मेंदीचा कोन हातात घ्यायचा नाही. यावर कुठलीच धार्मिक शाळा तडजोड करणार नाही, आणि करूही नये.

आता शाळा.

सरकारी साधी शाळा, ममलख्ती. इथे तकानोन असतो, शाळेचं चिन्ह छापलेला टीशर्ट असतो, पण मेंदीवरून बोलावणं येण्याची शक्यता सर्वांत कमी. आलंच तर शिस्तीच्या नावाखाली येईल, आणि लग्न आहे म्हटल्यावर मिटेल. पण शाळेत रोजची प्रार्थना नसते आणि तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, वाचतात ती धड्यासारखी. ज्या घरात शब्बात पाळतात त्यांना ही किंमत मेंदीपेक्षा मोठी वाटेल.

सरकारी धार्मिक शाळा, ममलख्ती-दाती, बोलीत ममाद. आपली बहुतेक कुटुंबं इथेच घुटमळतात आणि खरा गोंधळही इथेच आहे, कारण ममाद-ममादमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. एकीकडे तात्पुरत्या गोंदणाला बंदी आणि कंसात 'कौटुंबिक हिन्ना वगळून' असं लिहिलेलं मी वाचलंय. दुसरीकडे तीच बंदी कंसाशिवाय. कारण विचारलं की तीनपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं धर्माचं; त्याला वर उत्तर दिलंच आहे, आणि रब्बी असलेले मुख्याध्यापक ते ऐकूनही घेतात. दुसरं सवयीचं : आज स्टिकर, अठराव्या वर्षी सुई. हे मला अगदीच फोल वाटत नाही, पण ते स्टिकरला लागू पडतं, आजीने लावलेल्या मेंदीला नाही. तिसरं कारण झ्नियूतचं, म्हणजे साधेपणाचं : मुलीने नजर वेधून घेऊ नये. हे कारण असेल तर हलाखा (धर्मनियम) दाखवून काही उपयोग नाही. तिथे प्रश्न शाळेच्या चालीचा आहे, आणि ती चाल आपल्याला मानवते का, हे प्रवेशाआधी ठरवायचं.

मुलांच्या शाळेत आणखी एक बाब निघते. तेरा वर्षं झालेला मुलगा प्रार्थनेच्या वेळी रोज तेफिल्लिन, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या चामड्याच्या डब्या, दंडाला आणि कपाळाला बांधतो. दंडावर प्लास्टिकचा स्टिकर असेल तर तेफिल्लिन आणि कातडी यांच्यामध्ये थर येतो. तळहातावर असेल तर भाकरीआधी हात धुताना तोच प्रश्न. बाकी शाळांचे नियम कडक असोत की सैल, ही अडचण खरी आहे. मुलाने स्टिकर लावायचाच असेल तर पोटरीवर लावावा.

हरेदी, म्हणजे अतिकर्मठ पंथाच्या, मुलींची शाळा, बेत याकोव आणि तिच्या वळणाच्या इतर. थोडक्यात सांगतो : लग्नाची मेंदी जपायची असेल तर इथे जाऊ नका. नेलपॉलिशलाही मनाई असलेल्या शाळेत कोपरापर्यंत वेलबुट्टी घेऊन मुलगी कशी जाईल? काही शाळा तळहातावरच्या एका ठिपक्याकडे कानाडोळा करतात, पण तो बाईंचा चांगुलपणा. त्याच्या भरवशावर प्रवेश घेऊ नये. शिवाय या जगात कुणाची रीत 'खरी', हा वाद जुना आहे. इमॅन्युएल वसाहतीतल्या बेत याकोव शाळेत अश्केनाझी (युरोपीय मुळाच्या) आणि सेफार्दी (पूर्वेकडच्या आणि उत्तर आफ्रिकी मुळाच्या) मुली वेगळ्या बसवल्या म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि 2010 मध्ये पालक तुरुंगात जाईपर्यंत ताणलं. शास या सेफार्दी हरेदी पक्षाच्या वळणाच्या शाळांत मोरोक्कन आणि येमेनी घरांच्या मुली जास्त. तिथे हिन्ना म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, पण शाळेत रंगलेला हात चालेलच असं धरू नका.

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्या घरातले वडीलधारे शाळेच्या चिठ्ठीने नको तितके दुखावतात, आणि त्यांचं चुकत नाही. साठच्या दशकात रब्बिनेटने (लग्नं लावणाऱ्या सरकारी धर्मपीठाने) बेने इस्राएलांच्या लग्नांत पूर्वजांची चौकशी सुरू केली, माणसं जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसली, आणि 1964 मध्ये क्नेसेतला, म्हणजे संसदेला, मध्ये पडावं लागलं. ज्याच्याकडे कधीकाळी यहुदीपणाचा पुरावा मागितला गेला, त्याला 'ही मेंदी कुठली?' हा साधा प्रश्नही तसलाच ऐकू येतो. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना आजोबांना बरोबर नेऊ नका.

बंदीत सगळं एकाच पोत्यात भरतात, पण नक्षी-नक्षीत फरक आहे. पाण्याने चिकटवायचा स्टिकर साबण-तेलाने निघतो. शाळेने काढायला लावला तर काढावा, त्यात भांडण्यासारखं काही नाही. समुद्रकिनाऱ्यावर 'काळी मेंदी' म्हणून जे लावतात त्यात पुष्कळदा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. त्याने फोड येतात आणि डागही राहू शकतो. शाळा त्याला नाही म्हणत असेल तर मी शाळेच्या बाजूचा. खरी मेंदी लालसर-तपकिरी रंगते आणि आठवडाभर ते पंधरा-वीस दिवस टिकते. पुरीमला, म्हणजे आपल्या जुन्या बोलीतल्या होळीच्या सणाला, धार्मिक शाळांतही तोंडं रंगतात आणि कुणाला काही वाटत नाही.

मेंदीच्या आकारांकडेही बघा. भारतातून आलेल्या तयार साच्यांत कमळ, मोर, कैरी असते, तसाच स्वस्तिक आणि ॐ सुद्धा असतो. ठाण्याला कुणी दोनदा बघणार नाही. इथे स्वस्तिक घेऊन पोर वर्गात गेली तर त्या दिवशी तकानोन उघडायची गरजच पडणार नाही.

माझा कौल असा. घरी शब्बात पाळत असाल आणि लग्नाची मेंदीही सोडायची नसेल, तर जिथे मोरोक्कन, येमेनी, भारतीय मुलं बरीच आहेत अशी ममाद निवडा. असदोद, लोद, दिमोना इथे त्या शोधाव्या लागत नाहीत. प्रवेशाआधी 'मेंदी चालते का' असं मोघम विचारू नका, कारण मोघम प्रश्नाला 'बघू' हे उत्तर मिळतं. 'बहिणीच्या लग्नाची मेंदी, दोन्ही हात, पंधरा दिवस' असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मेंदी फक्त तळहातावर चालेल असं म्हणाले तर मान्य करा; आपल्यात नवऱ्याचं तर एका बोटावरच भागतं.

आम्ही धाकटीची शाळा बदलली. नव्या मुख्याध्यापकांनी वरचं वाक्य वाचून खाली सही केली. दुसरं लग्न ऑगस्टमध्ये, तिशा बेआव हा मंदिरनाशाच्या शोकाचा उपास उलटल्यावर आहे, तेव्हा शाळा बंदच असेल. चिठ्ठी तरी फ्रिजवर लावून ठेवली आहे.