वाजवून न घेतलेल्या अकरा गिटारी: ऑनलाइन लिलावाचा चौदा महिन्यांचा अनुभव

वस्तू वाजवून घ्यावी, असं आपण म्हणतो. गिटारच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे. मी मात्र गेले चौदा महिने उलटंच करते आहे. ऑनलाइन लिलावात फोटो बघून जुनी गिटार घ्यायची, घरी ती वाजती करायची आणि बहुतेक वेळा पुन्हा लिलावातच विकायची. आजवर अकरा घेतल्या. आठ विकल्या, दोन ठेवून घेतल्या, एक मोडकी आली ती अजून टेबलावर आहे. विकलेल्या आठांपैकी पाचांत पैसे सुटले, एकीत घातले तेवढेच परत आले, दोनांत तोटा झाला. हा उद्योग करावासा वाटणाऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी लिलावाचं सांगते, कारण पहिले चार लिलाव मी गिटार न कळल्यामुळे नाही, लिलाव न कळल्यामुळे वाया घालवले. बहुतेक ठिकाणी आपण आपली कमाल रक्कम टाकतो आणि यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. जिंकणाऱ्याला आपली कमाल रक्कम मोजावी लागत नाही, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त मोजावी लागते. या प्रकारच्या लिलावाचं गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडलं होतं: अशा लिलावात वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते तेवढीच बोली एकदा लावावी, यातच हित असतं. मी काय करत होते? थोडी बोली लावायची, कुणी वर गेलं की आणखी थोडी. प्रत्येक वेळी समोरच्यालाही वाटायचं की ही एवढी मागे लागली आहे म्हणजे गिटारीत काहीतरी आहे. आम्ही दोघं मिळून किंमत वर नेत होतो आणि शेवटच्या दहा सेकंदांत तिसराच कुणी येऊन घेऊन जात होता.

त्या तिसऱ्याचा मला फार राग यायचा. मग वाचनात आलं की ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ऑकेनफेल्स यांनी याच वागण्याचा अभ्यास करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले होते. जिथे लिलाव ठरलेल्या क्षणी बंद होतो तिथे शेवटच्या घटकेच्या बोली जास्त येतात. जिथे उशिरा आलेल्या बोलीमुळे मुदत वाढते तिथे कमी. म्हणजे तो माणूस लबाड नव्हता, नियम ओळखून खेळत होता. आता मीही तेच करते. फोटो नीट बघून झाल्यावर, शांत डोक्याने, वहीत एक आकडा लिहिते. मुदत संपायच्या आधी काही सेकंद तो आकडा टाकते आणि पडदा बंद करते. गेली तर गेली.

वहीतल्या आकड्याचं आणखी एक कारण आहे. वीस जणांनी एकाच गिटारीची किंमत मनात ठरवली, तर जिंकतो तो सगळ्यांत जास्त अंदाज बांधणारा. जुन्या गिटारीत सगळ्यांत जास्त अंदाज बहुधा ज्याला दोष दिसला नाही त्याचाच असतो. जिंकल्याचा आनंद खरा असतो, पण त्या आनंदातच वस्तू गळ्यात पडते. म्हणून मला पटलेल्या किमतीतून मी आधी एका दुरुस्तीचा खर्च वजा करते, मग आकडा लिहिते.

आता गिटारीकडे येते. माझं मत सरळ आहे: फोटोत नेक, म्हणजे तारांखालची लांब मान, बघायची, बाकी सगळं नंतर. रंग उडालेला, बॉडीवर खोक पडलेली, खुंट्या गंजलेल्या, पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) बंद, हे सगळं सुधारता येतं किंवा आहे तसं चालवून घेता येतं. नेक गेली तर गिटार गेली.

नेकमध्ये पहिली जागा हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या, मागची. गिब्सन पद्धतीच्या गिटारीत हेडस्टॉक मागे कललेला असतो आणि नेक सहसा महोगनीची असते. त्या वळणावर लाकडाचे तंतू आडवे तुटतात, त्यातच ट्रस रॉडचं, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं, नट बसवायला तिथलं लाकूड कोरलेलं असतं. गिटार स्टँडवरून पालथी पडली की नेमकी तिथेच तडकते. विक्रेत्याने समोरून दहा फोटो दिले आहेत आणि मागून हेडस्टॉकचा एकही नाही, असं दिसलं की मी तो फोटो मागते. मिळाला नाही तर बोली लावत नाही. तारा काढून ठेवलेल्या गिटारीबद्दलही मला असाच संशय येतो. तारा नसल्या की नेकवर ताण नसतो आणि नेक वाकली आहे की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

तिसरी गिटार ॲकूस्टिक होती आणि ती मला सगळ्यांत महाग पडली. फोटो सुरेख होते, लाकूड देखणं होतं, आवाजाची छोटी क्लिपही होती. ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या भागाच्या, फोटोत सॅडल (तारा उचलून धरणारी तिथली पट्टी) जेमतेम वर डोकावत होतं, ते मी पाहिलं पण मला त्याचा अर्थ लागला नाही. अर्थ असा की आधीच्या मालकाला तारा फार उंच लागत होत्या, म्हणून त्याने सॅडल घासत घासत पार खाली नेलं होतं. तरीही बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा साडेतीन मिलिमीटर वर होत्या. घासायला आता काही शिल्लकच नव्हतं. सरळपट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे सरकवली की तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकायला हवं. ती तिथे न टेकता खाली लाकडावर आदळत होती. वर्षानुवर्षं तारांच्या ओढीने नेकचा कोनच बदलला होता. यावर उपाय एकच, वाफ देऊन सांधा सोडवायचा आणि कोन दुरुस्त करून नेक पुन्हा बसवायची. कारागिराने सांगितलेली मजुरी मी गिटारीला मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त होती. शेवटी सरळपट्टीच्या फोटोसकट, नेक रिसेट लागेल असं स्पष्ट लिहून, ती विकली. घेतलेल्या किमतीच्या साठ टक्के परत आले. तेव्हापासून ॲकूस्टिक असली की सॅडलचा बाजूने काढलेला फोटो मी मागतेच.

ओळख पटवण्याचा भाग मला मनापासून आवडतो. क्रमांक, शिक्के, सोल्डर, सगळं जुळवत बसायचं. मार्टिन कंपनी १८९८ पासून ओळीने क्रमांक देत आली आहे, त्यामुळे तिथे तक्ता काढला की वर्ष मिळतं. गिब्सनच्या १९७७ ते २००५ मधल्या बहुतेक गिटारींवर आठ आकडे असतात: पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, आणि दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे तीन म्हणजे त्या वर्षातला कितवा दिवस. फेंडरचं जरा अवघड आहे, कारण नेक स्क्रूने बसवलेली असते आणि कुठलीही नेक कुठल्याही बॉडीवर चढू शकते. १९७६ च्या सुमारापर्यंत क्रमांकही मागच्या धातूच्या पट्टीवर असायचा, आणि पट्टी काय, कुणीही बदलू शकतो. म्हणून तिथे नेकच्या टाचेवरची तारीख आणि आतल्या पॉटवरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या नॉबखालच्या भागावरचा) आकडा दोन्ही बघायचे. नकली गिब्सन ओळखायला हेडस्टॉकवरचं छोटं झाकण बघावं. मूळ झाकणाला सहसा दोन स्क्रू असतात, नकलांवर अनेकदा तीन दिसतात. हा एकच पुरावा मात्र पुरेसा धरू नये.

सहावी गिटार १९८३ ची, सगळं मूळचं, अशा वर्णनाची होती. घरी आल्यावर मागचं झाकण उघडलं. पॉटवर १३७ आणि पुढे ८७२२ असा आकडा होता. १३७ म्हणजे सीटीएस हा उत्पादक, पुढचं ८७ हे वर्ष आणि २२ हा आठवडा. १९८३ च्या गिटारीत १९८७ च्या मे अखेरीचा पॉट कारखान्यातून बसून येणं शक्य नाही. उलट असतं तर चाललं असतं, कारण पॉट आधी बनून कपाटात पडून राहू शकतो. पॉट फक्त एवढंच सांगतो की हे काम याच्या आधीचं नाही. सोल्डरही दोन रंगांचं होतं. मी विक्रेत्याला फोटो पाठवले आणि ‘तुम्ही फसवलंत’ असं न लिहिता ‘हे तुम्हाला माहीत होतं का?’ एवढंच विचारलं. त्यालाही ती तशीच मिळाली होती. त्याने किमतीचा पाचवा भाग परत केला. गिटार वाजायला उत्तम होती, ती मी ठेवून घेतली.

पैसे कशात सुटतात, तर सेटअपमध्ये, म्हणजे गिटार नीट वाजेल अशी जुळवण्यात. पुष्कळ गिटारी वाईट नसतात, फक्त कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबायची आणि मधल्या भागात फ्रेट आणि तार यांच्यातली फट फीलर गेजने मोजायची. इलेक्ट्रिकवर पाव मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा फिरवायचा, तारा पुन्हा सुरात लावायच्या, पुन्हा मोजायचं. रॉड घट्ट होऊन फिरेनासा झाला असेल तर जोर करू नये. मग बाराव्या फ्रेटवरची उंची: मी जाड तारेखाली दोन आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटरच्या जवळपास ठेवते. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो ना ते जुळवणं. एवढं केलं तरी वाजवणाऱ्याला गिटार बदलल्यासारखी वाटते. नट (हेडस्टॉकजवळची, तारा ज्या खाचांत बसतात ती पट्टी) कापणं आणि फ्रेट घासून सपाट करणं ही कामं मी कारागिराकडेच देते. एकदा नटची खाच मी स्वतः जास्त खोल केली आणि मोकळी तार झणझणायला लागली. ते नट बदलावं लागलं.

सगळ्यांत चांगला सौदा आठव्या गिटारीचा. ‘आवाज येतो-जातो, दुरुस्तीसाठी’ एवढंच वर्णन, त्यामुळे बोली लावणारे दोनच. नेकचे फोटो स्वच्छ होते, फ्रेटवर तारांच्या खाचा जवळजवळ नव्हत्या. घरी आल्यावर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, नॉब वीस-पंचवीस वेळा पुढे-मागे फिरवला, जॅकची सैल झालेली पट्टी जरा वाकवून घेतली. एका संध्याकाळचं काम. विकताना हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि तरीही घेतल्या किमतीच्या दीडपटीहून थोडे जास्त आले.

विकण्याबद्दल माझा अनुभव असा की दोषाचा फोटो पहिल्या तीनांत टाकावा. मी ज्या गिटारींचे ओरखडे जवळून, उजेडात दाखवले त्यांना बोली कमी पडल्या नाहीत, उलट प्रश्न कमी आले. नवव्या गिटारीत नेकच्या सांध्याजवळची एक केसाएवढी रेघ माझ्या नजरेतून सुटली. घेणाऱ्याने कळवलं. ती लॅकरमधलीच होती, लाकडात नव्हती, पण मी ती सांगितली नव्हती हे खरं. मी थोडे पैसे परत केले, आणि आता विकण्याआधी सांध्यावर बॅटरीचा उजेड तिरपा पाडून बघते.

पॅकिंगला कंटाळा करू नका, हे मी पोटतिडकीने सांगते. टेबलावर पडलेली मोडकी गिटार मला तशीच आली. केस चांगली होती, बाहेरचा खोकाही शाबूत होता, पण केसच्या आत हेडस्टॉकखाली काहीच घातलेलं नव्हतं. पार्सल कुठेतरी आपटलं, जड खुंट्यांनी हेडस्टॉक मागे खेचला आणि तो वळणावर तुटला. कुरिअरने भरपाई नाकारली, कारण आतलं पॅकिंग अपुरं होतं. विक्रेत्याने कुरिअरकडे बोट दाखवलं. दोन महिने पत्रं लिहून अखेर थोडी रक्कम हाती आली. तुटलेली बाजू स्वच्छ आहे, गोंद लावून घट्ट आवळली की सांधा पक्का होईल, पण जोडलेल्या मानेची गिटार बाजारात निम्म्याच्या आसपासच धरतात. म्हणून मी पाठवताना तारा सैल करते, पूर्ण काढत नाही. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंनी कागदाचे बोळे दाबून भरते, तारा आणि फ्रेटबोर्ड यांच्यामध्ये मऊ कापड घालते, केस हलवून आत काही हलत नाही याची खात्री करते. घेणाऱ्याला सांगते की थंडीत पार्सल आलं तर ते एक दिवस बंदच राहू द्या. नायट्रोसेल्युलोज लॅकर असलेल्या गिटारीला एकदम ऊब लागली तर त्यावर जाळीसारख्या रेघा पडतात.

परदेशात विकायचं असेल तर लाकूड कोणतं ते आधी बघा. ब्राझिलियन रोजवूड १९९२ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय ते सीमेपार जात नाही. बाकीच्या रोजवूडवर २ जानेवारी २०१७ पासून निर्बंध आले होते, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मी स्वतः परदेशी विक्री केलेली नाही.

हिशेब सांगायचा तर लिलावाचं शुल्क, टपाल, तारा, कारागिराची मजुरी धरून चौदा महिन्यांत मी थोडी पुढे आहे. माझे तास धरले तर पुढे नाही. फक्त पैशासाठी यात पडायचं असेल तर मी नको म्हणेन. पण दहा वर्षं कपाटामागे पडलेली गिटार तासाभराने सुरात येते आणि पहिला कॉर्ड सगळ्या तारांवर स्वच्छ उमटतो, त्यासाठी मी हे करत राहीन.

सध्या एका ॲकूस्टिकवर डोळा आहे. तारा चढवलेल्या आहेत, हेडस्टॉकचा मागचा फोटो मागितल्यावर तासाभरात आला, तडा नाही. सॅडलचा बाजूने काढलेला फोटो परवा मागितला, तो अजून आलेला नाही. लिलाव उद्या रात्री संपतो. वहीत तिच्या नावापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.